इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला, तर उगम कसा शोधायचा

सकाळी मोटारसायकल काढायला जावं आणि सोप्यासमोरच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसावा. नवीन गाडीवाल्याच्या पोटात इथेच गोळा येतो. काही जण चिंधीने डाग पुसून कामाला निघून जातात. बाकीचे थेट गॅरेज गाठतात आणि ‘ऑइल मारतेय, बघा जरा’ म्हणून गाडी सोडून येतात. या दोन्हींत शेवटी पैसे आपलेच जातात.

मी गोव्यातल्या डिचोलीत राहतो. घरच्या दोन गाड्यांची आणि वाड्यावरच्या पोरांच्या बऱ्याच गाड्यांची बारीकसारीक कामं अंगणातच करतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. तेल जिथून टपकतं, तिथून ते बहुतेक वेळा गळत नसतं. ते वरून कुठून तरी निघतं, फिन्समधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या), बोल्टच्या डोक्यांवरून, कव्हरच्या कडेने वाट काढत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब होऊन लोंबतं. चालत्या गाडीत वारा त्याला मागेही ढकलतो. म्हणून उगम दिसल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही आणि मेस्त्रीलाही घेऊ द्यायचा नाही.

हा धडा मला माझ्याच दीडशे सीसीच्या गाडीने दिला. ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या भागाच्या मागे तेल साचायचं. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी बघताक्षणी ‘हेडचं पॅकिंग गेलं’ म्हणून सांगितलं. हेड म्हणजे ब्लॉकच्या वरचा भाग, आणि पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या जोडात बसणारी पातळ पट्टी. हेड उघडलं, पॅकिंग बदललं, तीन दिवस गाडी तिथे अडकली. आठवड्यात तेल पुन्हा तिथेच. तेव्हा मी गाडी घरी धुतली, सुकवली, इंजिनावर टाल्कम पावडर थापटली आणि चालू करून बॅटरी (टॉर्च) घेऊन बसलो. दहा-बारा मिनिटांनी पांढऱ्या पावडरीवर केसाएवढी तपकिरी रेघ उमटली. ती सुरू होत होती टायमिंग चेनच्या टेन्शनरच्या (इंजिनातली ही चेन ताणून धरणारा भाग) बोल्टपाशी. आतली छोटी ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, लाकडासारखी कडक झाली होती. हेडला काही झालंच नव्हतं.

आधी ठरवा, हे इंजिन ऑइलच आहे का

डागावर पांढरा टिश्यू पेपर टेकवा आणि उजेडात बघा. इंजिन ऑइल नवं असेल तर मधासारखं दिसतं, जुनं असेल तर काळपट तपकिरी, आणि बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं. पेट्रोल असेल तर वास लगेच कळतो आणि ओल थोड्या वेळात उडून जाते. मागे कार्ब्युरेटरखाली पिवळसर ठसा राहतो. पेट्रोल दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी कॉक बंद करा आणि तिथे काडी पेटवू नका. ब्रेक ऑइल फिकट असतं आणि रंग खातं, म्हणून ते जिथे पडलंय तिथला पेंट फुगलेला सापडतो. पुढच्या चाकाजवळ ओल असेल तर फोर्कची नळी बघा. नळीवर तेलाचं वर्तुळ दिसलं तर तो फोर्कचा सील, इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती चेन. चेनला मारलेलं ल्युब फिरताना उडतं आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणारं दातेरी चाक) कव्हरमध्ये साठत जातं. आपल्याकडची लाल माती त्यात मिसळली की शेणासारखा चिकट काळा-तांबडा थर होतो. गाडी उन्हात उभी राहिली की तो पातळ होऊन टपकतो. पाच जण ‘इंजिन गळतंय’ म्हणून माझ्याकडे आले, तर त्यातला एकाचा तरी डाग हाच निघतो. कव्हर काढून थर खरवडून टाकला की काम झालं.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. घर ते बाजार एवढीच धावणारी गाडी नीट तापत नाही. मग आतली वाफ तेलात मिसळून ऑइलच्या झाकणाला आणि ब्रिदर पाइपला (इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर सोडणारी नळी) दुधाळ साय धरते. एअर फिल्टरच्या डब्याखाली जी बंद तोंडाची छोटी नळी असते, त्यातही असला चहासारखा द्रव जमतो. ही इंजिनाची गळती नव्हे. नळी मोकळी करा आणि गाडी एकदा लांब फिरवून आणा. मात्र ऑइलच्या काठीवरचं सगळंच तेल दुधाळ दिसत असेल, किंवा गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर ती चालू करायची नाही. ढकलत मेस्त्रीकडे न्या.

लेव्हल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. अंगण उताराचं असेल तर रस्त्यावर न्या. दोन बोटांचा उतारही लेव्हल चुकवतो. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेल खाली उतरायला चार-पाच मिनिटं द्या आणि मग काठी पुसून बघा. काठी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. काठीऐवजी इंजिनावर तेल बघायची छोटी काच असेल तर दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं पाहिजे.

कमी असेल तर भरा, हे सगळ्यांना कळतं. जास्त असेल तर तीही चूक, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. तेल जास्त झालं की आतल्या फिरत्या भागांनी ते घुसळलं जातं, ब्रिदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि आतला दाब वाढून चांगले सीलही पाझरायला लागतात. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर पहिला संशय इथे घ्या, दुसरा ड्रेन बोल्टवर, म्हणजे जुनं तेल काढायच्या बुडाच्या बोल्टवर.

धुणं, सुकवणं, पावडर

इंजिन पूर्ण थंड हवं. डिझेल किंवा दुकानात मिळणारं डिग्रीजर ब्रशने लावा. फिन्सच्या खाचांत आणि बोल्टच्या डोक्यांभोवती जुना टूथब्रश फिरवा. आपल्याकडची माती तेल शोषते आणि गळतीची जागा झाकते, त्यामुळे इथे आळस केलात तर पुढची मेहनत वाया. मग साबणाचं पाणी आणि शेवटी साधं पाणी. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने सील, एअर फिल्टर आणि वायरींच्या जोडांवर थेट मारू नका. ब्रेकच्या भागावर डिझेल उडू देऊ नका.

धुताना नीट बघाही. चोडणच्या फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्यांच्या गाडीला धक्क्यावरचं खारं पाणी लागतं. ॲल्युमिनियमच्या जोडांवर आणि बोल्टभोवती पांढरी भुकटी धरली असेल तर ती जागा लक्षात ठेवा. तिथला बोल्ट खोलताना तुटू शकतो, आणि पॅकिंगची कडही खाल्ली गेलेली असू शकते.

गाडी उन्हात तासभर उभी करा. ऊन नसेल तर पाच मिनिटं चालवून उष्णतेवर सुकवा आणि पुन्हा थंड होऊ द्या. सांध्यांत कोरडं कापड फिरवा. ते कोरडंच बाहेर आलं पाहिजे.

आता पावडर. डब्यातून शिंपडली तर गठ्ठे पडतात. जुन्या सुती मोज्यात मूठभर भरा, गाठ मारा आणि मोजा इंजिनावर हलक्या हाताने आपटत जा; कणकेवर पिठी मारावी तसा पातळ थर बसतो. हेडपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंची कव्हरं, ब्लॉकची मागची बाजू, स्प्रॉकेटच्या मागची जागा, सगळीकडे. एअर फिल्टरचं तोंड आणि ब्रेक सोडून द्या. गाडीखाली वर्तमानपत्र पसरा आणि दोन्ही चाकांच्या जागा पेनाने आखा, म्हणजे थेंब कोणत्या भागाखाली पडला ते नंतर कळेल.

तीनदा बघायचं

पहिल्यांदा इंजिन चालू न करता. एक रात्र साइड स्टँडवर, दुसरी रात्र डबल स्टँडवर. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि आतलं तेल डाव्या कव्हरकडे जमतं. त्या रात्री थेंब पडला आणि डबल स्टँडच्या रात्री कागद कोरडा राहिला, तर डाव्या बाजूचा खालचा सील किंवा पॅकिंग दोषी. गिअर शाफ्टचा सील असाच सापडतो. दोन्ही रात्री थेंब असेल तर ड्रेन बोल्ट आणि बुडाचे जोड बघा.

दुसऱ्यांदा मोकळ्या हवेत, इंजिन न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालू ठेवून. बॅटरीचा उजेड तिरका टाका, ओल चमकते. मागची बाजू दिसत नसेल तर मोबाइल आत घालून फोटो काढा. सायलेन्सर तापलेला असतो, आणि चालू इंजिनात चेन-स्प्रॉकेटजवळ चिंधी किंवा बोट नेऊ नका. चिंधी अडकली की हात आत ओढला जातो आणि बोटं जातात. पुसायचं असेल तर आधी इंजिन बंद.

तिसऱ्यांदा रस्त्यावर. मी डिचोलीहून साखळी गावाला जाऊन परत येतो. तेल पूर्ण तापून पातळ होण्याएवढं अंतर हवं. काही गळती फक्त तापल्यावर आणि दाबाखालीच दिसते. अशा गाडीला केरीहून चोर्ला घाटाचा थोडा चढ दाखवला की ती बोलायला लागते. मात्र मागच्या टायरवर तेल उडत असल्याची शंका जरी असली, तर ही तिसरी पायरी करायची नाही.

परत आल्यावर पावडर कुठे ओली झाली ते बघा. ओलीतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका शोधा. उगम तिथे किंवा त्याच्या वितभर आत असतो. ठिपके अनेक दिसले तर वरचा आधी दुरुस्त करा, पुन्हा धुवा, पुन्हा पावडर. खालचे निम्मे आपोआप नाहीसे होतात.

नेहमीच्या जागा

टॅपेट कव्हरचं (हेडवरचं झाकण) रबर किंवा झाकणांच्या ओ-रिंगा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात. तेल हेडच्या कडेने फिन्सवर उतरतं आणि गरम धातूवर पडल्यावर जळका वास येतो. काम स्वस्त आणि सोपं.

हेड आणि ब्लॉकच्या मध्ये खरंच पॅकिंग गेलं असेल तर तिथे तेलाबरोबर काजळी दिसते. थंड इंजिनाच्या त्या जोडावर साबणाचा फेस लावून चालू करा, बुडबुडे आले तर दाब बाहेर येतोय. बुडबुडे नाहीत आणि वरचा भाग कोरडा आहे, तरच ब्लॉकच्या खालचं पॅकिंग आणि मागचा टेन्शनर संशयात. मेस्त्रीने हेड उघडायचं म्हटलं की एवढी खात्री मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

मॅग्नेट कव्हरमधून (वीज तयार करणाऱ्या भागावरचं झाकण) वायर जिथून बाहेर येते, तिथे रबराचं बूच असतं. तिथून तेल वायरीच्या आत शिरून पार जोडापर्यंत चढतं. सीटखालच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, तेल दिसलं तर लोक चक्रावतात. त्याचं कारण खाली कव्हरमध्ये असतं.

पुढच्या स्प्रॉकेटची जागा सगळ्यात फसवी, कारण तिथे तीन-चार गोष्टी शेजारी असतात. स्प्रॉकेटच्या शाफ्टचा ऑइल सील, गिअर शाफ्टचा सील, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग आणि काही गाड्यांत क्लचच्या दांडीचा सील. इथे पावडर फार वेळ टिकत नाही. कव्हर काढून जागा ब्रशने लख्ख करायची, दोन-तीन किलोमीटर फिरून लगेच बघायचं. शाफ्टचा सील सापडला तर इंजिन बंद करून स्प्रॉकेट हाताने वर-खाली हलवून बघा. ठळक खेळ जाणवला तर आतलं बेअरिंग गेलंय, आणि नुसता सील बदलून तो महिन्यात पुन्हा गळेल. चेन फार घट्ट ठेवल्यानेच बहुतेक वेळा ही वेळ येते. म्हणून सीलबरोबर चेनचा ढिलेपणाही पुस्तकाप्रमाणे लावा.

उजवीकडे क्लच कव्हरचं पॅकिंग आणि किकच्या शाफ्टचा सील. खाली ड्रेन बोल्ट, त्याचा वॉशर चपटा होऊन एकदाच नीट बसतो. दर ऑइलच्या वेळी नवा घालायचा.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांना वेगळं सांगावं लागतं. तिच्यात डावीकडचं प्रायमरी कव्हर एकाच मधल्या नटावर बसतं आणि त्यात वेगळं तेल असतं. तो नट जोराने आवळला तर कव्हर वाकतं आणि गळती वाढते. शिवाय गाडी बरेच दिवस उभी राहिली की पंपातून तेल झिरपून खाली इंजिनाच्या पोटात, क्रँकच्या जागी जमतं. मग चालू केल्यावर ब्रिदरमधून भसकन बाहेर पडतं. हे गळणं वाटलं तरी दोन-चार दिवसांआड गाडी चालवली की कमी होतं.

सगळीकडूनच ओल असेल तर

एकच सील जुना होतो तेव्हा एकच जागा गळते. पाच जागा एकदम पाझरायला लागल्या तर आतला दाब कुठे तरी अडलाय. ब्रिदर पाइप काढून फुंकून बघा. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करू शकते. पाइप मुडपला किंवा आत चिकटलेल्या दुधाळ सायीने बंद झाला तरी तेच होतं. पाइप मोकळा असूनही त्यातून धुराचे झोत येत असतील, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि तेल झपाट्याने संपत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तिथे बाहेरची पॅकिंगं बदलून पैसे घालवू नका. बोअर-पिस्टनचं माप घ्यायला सांगा.

चालवायची की थांबवायची

कव्हरच्या कडेला नुसता घाम दिसत असेल आणि लेव्हल महिनाभर हलत नसेल, तर घाईचं काम नाही. दर आठवड्याला काठी बघत चालवा. रात्रीत एक-दोन थेंब पडत असतील तर पुढच्या सुट्टीला काम लावा. तेल ओघळत असेल, ऑइलचा लाल दिवा लागत असेल किंवा मागचा टायर, ब्रेक ओले होत असतील, तर गाडी जागेवर उभी करा. जूनच्या पहिल्या पावसात आपल्या वळणांवर आधीच तेलकट पाणी असतं, त्यात स्वतःच्याच टायरवर तेल म्हणजे घसरणं ठरलेलं. पायलटचा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचा धंदा करणाऱ्या पोरांना हे मी हात जोडून सांगतो, कारण त्यांच्या मागे दुसऱ्याचा जीव बसलेला असतो.

स्वतः करताना

ड्रेन बोल्टचा वॉशर, टॅपेट कव्हरचं रबर, ब्रिदरची सफाई एवढं नवीन माणसाने बिनधास्त करावं. टेन्शनर काढताना टायमिंग चेन ढिली पडते. पिस्टन वरच्या टोकाला आणल्याशिवाय आणि इंजिन न फिरवण्याची खबरदारी घेतल्याशिवाय तो काढू नका. खात्री नसेल तर मेस्त्रीसमोर उभं राहून एकदा बघा.

कव्हरचे 6 मिलिमीटरचे बोल्ट साधारण 10 न्यूटन मीटरला बसतात, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा जोर पुरे. गळती थांबावी म्हणून बोल्ट आणखी आवळणं हा सगळ्यात महाग उपाय आहे. ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि पंचवीस रुपयांच्या ओ-रिंगच्या जागी कव्हर किंवा केसिंग येतं. बोल्ट एकमेकांसमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे घट्ट करा. जुन्या पॅकिंगचे तुकडे पत्र्याने खरवडू नका, ओरखड्यातूनच पुढची गळती सुरू होते. पॅकिंग डिझेलमध्ये भिजवून लाकडी कामटीने काढा. सिलिकॉन पेस्ट पुस्तकात सांगितली असेल तिथेच, तीही सुतळीपेक्षा बारीक. जास्तीची आतल्या बाजूला फुगून सुटते आणि तेलाच्या वाटेत अडकते.

ऑइल सील विकत आणताना जुना सोबत न्या. त्यावर आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 20, 34, 7: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. बसवताना सीलच्या आतल्या रबरी ओठाला बोटाने थोडं तेल लावा आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा गोटी पाना टेकवून हळू ठोकत सरळ आत न्या. तिरका गेला तर तो तिथेच फुकट गेला.

काम झालं की पुन्हा धुवा, पुन्हा पावडर, पुन्हा साखळी गावची फेरी. मग शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा बघा. निघालेलं जुनं तेल परसात, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि आपल्या विहिरी तर अंगणातच असतात. बुचाच्या बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर टाकून ठेवा, सकाळी झाडून घ्या. डाग गेला की त्याच जागी कोरा कागद पसरून गाडी उभी करा आणि उद्या सकाळी पहिल्यांदा तोच बघा.